दिवेआगर : माड-पोफळींच्या सावलीतले गाव

घरात सत्यनारायण असो की पोळ्यामागून बसणारे गणपती असोत, चौरंगावर आधी सुपारी मांडली जाते आणि कलशावर नारळ चढतो. काटोल, नरखेड, सावनेरकडच्या घराघरांत हे वर्षानुवर्षे चालले आहे. परंतु पोफळीचे, म्हणजे सुपारीचे झाड आपल्यापैकी किती जणांनी पाहिले असेल? आणि समुद्र? आपल्याकडची बरीच मंडळी अंबाझरी नाहीतर फुटाळ्याच्या काठावर उभी राहूनच समुद्राची कल्पना करतात. तेव्हा आज तुम्हांला जरा लांब, पार पश्चिमेच्या टोकाला नेतो. गाव लहान आहे, पण बागाईतदाराने ते मुद्दाम पाहावे असे आहे.

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगर आहे. कोकणात माड-पोफळींच्या बागेला आगर म्हणतात, वाडीही म्हणतात. पूर्वेकडून गावात शिरलात की आधी डोंगर, मग भाताची खाचरे, मग घरे लागतात. घराच्या मागचे दार उघडले की वाडी सुरू होते. वाडी संपली की केवडा आणि सुरूची झाडे, आणि त्यांच्या पलीकडे चार-साडेचार किलोमीटर लांब मऊ वाळूचा किनारा. म्हणजे घर आणि समुद्र यांच्यामध्ये वाडी उभी असते. मे महिन्याच्या भर दुपारीसुद्धा वाडीत ऊन जमिनीला लागत नाही. वर माडांचे छत, त्याखाली सरळसोट बारीक पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरीची वेल, मधून केळ, एखादे जायफळ. एकाच जमिनीवर तीन मजल्यांचे पीक! आपल्या संत्र्याच्या बागेत बहार धरण्याआधी आपण एवढी मशागत करतो; इथे माणूस पाणी, खत आणि राखण यांवरच वाडी सांभाळतो असे वाटते. पण ते तितके सोपे नाही. पाण्याचेच पाहा.

समुद्र शंभर-दोनशे पावलांवर, आणि विहिरीचे पाणी गोड! पहिल्यांदा हे कोणालाही खरे वाटत नाही. पावसाचे पाणी वाळूतून खाली मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते जमिनीच्या पोटात खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, दुधावर साय असावी तसे. जुन्या काळी रहाटाने पाणी काढून पाटाने झाडांच्या आळ्यांत सोडत. रहाट हळू चालायचा, साय शाबूत राहायची. पंप लावून बेताबाहेर उपसा केला की खालचे खारे पाणी वर येते, आणि एकदा विहीर खारावली की ती गोडी व्हायला पुष्कळ पावसाळे जावे लागतात. आपल्याकडे बोअर खोल खोल जाताना जे झाले, त्याचीच ही कोकणातली तऱ्हा.

आता किनाऱ्यावर चला. सकाळी गेलात तर पाणी पार आत गेलेले, ओल्या वाळूवर खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांची रांगोळी. दुपारी त्याच जागी गुडघाभर लाटा. गावातल्या माणसाला वेळ विचारायला घड्याळ लागत नाही, पंचांग पुरते. आपण पेरणीला नक्षत्र पाहतो, ही मंडळी भरतीला तिथी पाहतात. हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा. पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे पाणी सर्वांत वर चढते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास समुद्र बेताचा, तो भांग. मुलांना घेऊन जाणार असाल तर हा हिशेब पाठ करा. पाणी ओसरत असताना आत शिरू नये, कारण ओहोटीचा ओढा पायाखालची वाळू घेऊन जातो. तलावात पोहणाऱ्या पट्टीच्या पोहणाऱ्याचेही त्याच्यापुढे काही चालत नाही.

जवळच भरडखोलला कोळी मंडळींच्या होड्या लागतात. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचे दिवस ते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि होडी पाण्यात ढकलायची. आपला पोळा बैलांचा, त्यांची ही पौर्णिमा होड्यांची.

गाव किती जुने? शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा एक ताम्रपट इथे सापडला आहे, आणि त्याची भाषा मराठी आहे. याच किनाऱ्यावर अलिबागजवळ आक्षी येथे शके ९३४ चा शिलालेख आहे. मराठीच्या अगदी जुन्या कोरीव लेखांत या दोन्हींची गणना होते. ज्ञानेश्वरी लिहिली गेली शके १२१२ मध्ये. म्हणजे तिच्याही आधी दोनशे तीस वर्षे या वाड्यांच्या गावात कोणीतरी मराठीत लिहून ठेवत होते. तेव्हा राज्य शिलाहारांचे होते. गावातल्या रूपनारायणाच्या देवळातली विष्णूची मूर्ती त्याच जुन्या घडणीची मानतात. मूर्तीभोवती दशावतार कोरले आहेत. दगडात इतके नाजूक काम पाहून बायामाणसे तिथून लवकर हलत नाहीत.

पुढे हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला आणि १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत त्याच्याच अमलाखाली राहिला. किनाऱ्याच्या रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटरवर श्रीवर्धन आहे. ज्या पेशव्यांशी आपल्या नागपूरकर भोसल्यांचे कधी जमले, कधी फिसकटले, त्यांचे मूळ गाव ते हेच. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे; मोठी, आतून पांढरी, फोडायला मऊ. कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही तिथेच आहे. आपल्याकडे सुपारी म्हटले की पोरांना खर्रा आठवतो, आणि खर्ऱ्याने किती तोंडे बिघडली हे कोणत्याही गावच्या पारावर कळेल. त्याचा दोष पोफळीला देऊ नका.

दिवेआगरचे नाव सगळ्या महाराष्ट्रात झाले ते १७ नोव्हेंबर १९९७ रोजी. त्या दिवशी संकष्टी होती. एका वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली, आणि तिच्यात सोन्याचा गणपतीचा मुखवटा व दागिने निघाले. बातमी फुटली आणि दर्शनाला रीघ लागली. आलेल्या माणसांना जेवायला हवे, मुक्कामाला जागा हवी. ज्यांच्या घरी दोन खोल्या जास्त होत्या त्यांनी त्या दिल्या. घरातल्या बायकांनी उकडीचे मोदक, आंबोळ्या, सोलकढी करून वाढली. सुपारीच्या पैशाला हा जोडधंदा मिळाला. मग २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला. दोन पहारेकरी मारले गेले आणि मुखवटा चोरीला गेला. चोर सापडले, पण मुखवटा वितळवून टाकलेला होता. येणारी गर्दी ओसरली. नवा मुखवटा घडवून २०२१ च्या नोव्हेंबरात देवळात पुन्हा बसवला.

त्या मधल्या वर्षांतच गावावर दुसरा घाला आला. तो मात्र देवळावर नव्हता, वाड्यांवर होता.

३ जून २०२०. करोनामुळे मार्चपासून पाहुणे बंद, सगळी भिस्त वाडीवर. त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनारपट्टीवर जमिनीला टेकले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. सुरूची झाडे आडवी झाली, घरांवरचे पत्रे आणि कौले उडाली. पण खरा घात पोफळींचा झाला. पोफळ म्हणजे माणसाच्या मांडीएवढ्या जाडीची, चाळीस-पन्नास फूट उंच काठी; वारा भरला की ती मधूनच मोडते. माड वाऱ्यात वाकतो, झेलतो, आणि मुळासकट उन्मळतो तेव्हा खालच्या पाच-सात पोफळी घेऊन पडतो. काही तासांत दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि खाली दापोलीपर्यंतच्या वाड्या भुईसपाट झाल्या. वीज कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे आली नाही. तोच वारा डोंगर ओलांडून थकत थकत पुढे सरकला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पश्चिम विदर्भापर्यंत येऊन विरला. आपल्याला तो मृगाआधीचा पाऊस वाटला असेल.

नुकसानभरपाईचा हिशेब ऐका. तो तुम्हांला माझ्यापेक्षा चांगला कळेल. आधी बागांना हेक्टरी ५०,००० रुपये ठरले. पण कोकणातली वाडी हेक्टरांत नसते, गुंठ्यांत असते. दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार पडतात! तेवढ्यात पडलेली झाडे कापून बाहेर काढण्याची मजुरीही सुटत नाही. ओरड झाली, मग झाडामागे रक्कम ठरली : नारळाला २५० रुपये, सुपारीला ५० रुपये. चांगला माड वर्षाला सत्तर-ऐंशी नारळ देतो, आणि सांभाळला तर तीन पिढ्या देतो. अडीचशे रुपये म्हणजे त्याचे एका वर्षाचेही उत्पन्न नव्हे. आपल्याकडे डिंक्याने संत्र्याची बाग वाळली, किंवा बहार उतरणीला आला असताना गारपीट झाली, की तलाठी पंचनाम्याला आल्यावर जे वाटते, ते त्या दिवसांत तिकडे घरोघर वाटले असणार.

नवे रोप लावले तर पोफळ धरायला सहा-सात वर्षे, बाणवली माडालाही तेवढीच. तोवर? आणखी एक अडचण अशी की पोफळीच्या रोपाला कोवळेपणी सावली लागते, आणि सावली देणारेच पडलेले. म्हणून पहिल्यांदा केळी लावायच्या, त्यांच्या आडोशाला पोफळी. विद्यापीठाची शिफारस दोन पोफळींत पावणेतीन मीटर अंतर ठेवण्याची आहे. जुन्या वाड्या याहून दाट होत्या. नव्या माडांत जायफळ, दालचिनी, मिरी घेण्याची ‘लाखी बाग’ पद्धत रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने दाखवून दिली आहे. एकाच सुपारीवर विसंबण्यापेक्षा हे बरे, असे आमचे मत. मात्र एक गोष्ट मनाला खटकते. पडलेली वाडी पुन्हा उभी करायला सात वर्षे लागतात, तिच्या जागी पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला सात महिने पुरतात. ज्याच्या घरात पोरांच्या शिक्षणाचा खर्च उभा आहे त्याने काय करावे, हे नागपुरात बसून सांगणे बरोबर नाही. इतके खरे की त्या खोल्यांनाही त्याच विहिरींचे पाणी लागते, आणि पाहुणा येतो तो सावलीसाठीच.

तुम्हांला जायचे असेल तर कोकण रेल्वेच्या माणगाव स्टेशनावर उतरा. तिथून म्हसळा, बोर्ली पंचतन या मार्गाने दिवेआगर. पुण्याहून ताम्हिणी घाटाने एस.टी.नेही माणगावला येता येते. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत हवा चांगली. उतरायचे तर वाडी असलेल्या घरीच उतरा, आणि मालकाला नवी लागवड दाखवायला सांगा. बागाईतदार बागाईतदाराला नाही म्हणत नाही. किनाऱ्यावर गाडी घालू नका, वाळूत रुतते आणि भरती कोणाची वाट पाहत नाही. निघताना आंबिया बहाराचा तोडा चालू असेल तर घरची पेटीभर संत्री बरोबर घ्या. आणि परतताना पूजेपुरत्या चार सुपाऱ्या बाजारातून नव्हे, वाडीतून विकत आणा.