राखेच्या आधी पाणी

सिल्वासाजवळच्या अथाल भागात राब भाजायचा तो उन्हाळ्यातच. भाताच्या रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर आधी शेण पसरतात, मग झाडांचं तोडलेलं कवळ, पातेरा, गवत आणि वर मातीचा पातळ थर. विस्तव लावायचा तो वारा जिकडे जातो त्या कडेने. म्हणजे आग पळत सुटत नाही, धग खाली मुरते. तणाचं बी भाजतं, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळतो. परक्याला ही नुसती जाळपोळ वाटते. तशी ती नाही.

पण राखेतला पालाश पाण्यात चटकन विरघळतो, आणि इथे पाऊस वर्षाला 2000 मिलिमीटरच्या आसपास. कर्ब तर त्याआधीच धुरावाटे गेलेला असतो.

हा कर्ब मातीत राखायचा तर बायोचार, म्हणजे मातीत घालायचा कोळसा, करावा. त्यासाठी वर रुंद, खाली निमुळता खड्डा खणायचा. तळाशी सुक्या काटक्या पेटवायच्या आणि निखाऱ्यावर पांढरी साय धरू लागली की तुरीच्या काड्यांचा पुढचा थर टाकायचा. वरच्या ज्वाळेतच हवेतला प्राणवायू संपतो, खालच्या थरापर्यंत पोचत नाही, म्हणून त्याचा कोळसा होतो. कसब सगळं नजरेचं: घाई केली की धूर कोंडतो, उशीर केला की राख. खड्डा भरला की पाणी ओतायचं, हात आखडता न घेता. आत धग राहिली तर सकाळी हाती राखच लागते. हा कोळसा कुटायचा तोही ओलसर असतानाच. त्याची धूळ छातीला वाईट.

कोरा कोळसा वाफ्यात घातला तर तो नत्र धरून ठेवतो आणि रोपं पिवळी पडतात. म्हणून आधी जीवामृतात मुरवायचा. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या सुभाष पाळेकरांमुळे ही कृती गावोगाव पोचली: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती. जीवामृत घरी होतं; दुकानात समुद्रशेवाळाच्या अर्काच्या बाटल्याही मिळतात. खत नियंत्रण आदेशात 2021 साली अशा जैव उत्तेजकांना वेगळी जागा मिळाली. त्यांचं मुख्य काम पिकाच्या अंगच्या क्रियांना चालना देणं, अन्नद्रव्य पुरवणं नव्हे. बाटली आणली म्हणून शेणखत बंद करणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

राब मोडा, असं मात्र मी म्हणणार नाही. खड्ड्यातला कोळसा तणाचं बी मारत नाही. शिवाय तुरीच्या काड्या चुलीलाही लागतात. पावसाळ्याचं सरपण बाजूला काढून उरेल तेवढ्याचाच खड्डा करावा.