खाडाखोड दिसली पाहिजे : संगणकाच्या वहीलाही साक्षीदार हवा

वही कागदाची होती तेव्हा खाडाखोड डोळ्यांना दिसत असे. शाई वेगळी, अक्षर वेगळे. पान फाडले तर शिवण सैल पडे. आज अमरावती आणि अकोल्याच्या कापड बाजारात लहान दुकानांचा हिशोबही संगणकात गेला आहे. तेथे आकडा बदलला की मागचा आकडा पुसला जातो, आणि मुद्दाम सोय केलेली नसेल तर तो कोणी बदलला हे कळत नाही. भागीदारीच्या धंद्यात यातूनच शंका निर्माण होते. म्हणून संगणक क्षेत्रातील मंडळी हा प्रश्न कसा सोडवतात, ते आम्ही व्यापारी बांधवांपुढे ठेवत आहोत.

बदल दोन प्रकारचे

संगणकात माहिती जेथे साठवतात त्याला डेटाबेस म्हणतात. खातेवहीप्रमाणे त्यात तक्ते आणि रकाने असतात. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हा कापडाच्या बिलात १५ अक्षरी जीएसटी नंबर, मालाचा एचएसएन कोड, केंद्राचा व राज्याचा कर असे नवे रकाने आले. हा वहीच्या आखणीतला बदल. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांचे दर बदलले. आधी १,००० रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के व त्यापुढे १२ टक्के होते. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यापुढे १८ टक्के झाले. हा आकड्यातला बदल. १,८०० रुपयांच्या कुर्ता-पायजम्यावर २१ तारखेला १२ टक्के आणि २२ तारखेला ५ टक्के. नवा दर भरताना जुन्या बिलांना धक्का लागला, तर भरलेले विवरणपत्र आणि वही यांचा मेळ बसणार नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांची पद्धत

सॉफ्टवेअर कंपनीत दहा-वीस मुले एकाच डेटाबेसवर काम करतात. एकाने रकाना जोडला, दुसऱ्याने त्याचे नाव बदलले आणि तिसऱ्याला पत्ताच नाही, असे झाले तर सारे काम ठप्प होते. यासाठी त्यांनी साधने तयार केली. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ बनवले. कोणी, केव्हा, काय आणि कशासाठी बदलले याची नोंद त्यात राहते. खास डेटाबेससाठी २००६ मध्ये ‘लिक्विबेस’ आणि २०१० मध्ये ‘फ्लायवे’ आले. यांची रीत सोपी आहे. प्रत्येक बदल वेगळ्या कागदावर लिहावा तसा वेगळ्या फाईलमध्ये लिहायचा आणि त्याला ओळख क्रमांक द्यायचा. कोणते बदल लागू झाले याची यादी खुद्द डेटाबेसमध्येच राहते, म्हणून एकच बदल चुकून दोनदा होत नाही. लागू झालेल्या फाईलमध्ये मागाहून कोणी फेरफार केला, तर तपासणीत तो पकडला जातो. शिवाय चांगल्या कंपन्यांत बदल लिहिणारा एक आणि तपासून मंजुरी देणारा दुसरा असतो. आधी तो नकलेवर करून पाहतात, मग खऱ्या डेटाबेसला हात लावतात.

मात्र साधन असले म्हणजे निर्धास्त राहावे असे नाही. अशीच साधने पुरवणाऱ्या ‘गिटलॅब’ कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याच्या हातून खरा डेटाबेसच पुसला गेला. नकला ठेवण्याच्या पाच व्यवस्था होत्या, पण वेळेवर त्या उपयोगी पडल्या नाहीत. सहा तासांपूर्वी घेतलेली एक नक्कल सापडली म्हणून बाकीचे वाचले. मधल्या सहा तासांची माहिती गेली. कंपनीने हा प्रकार स्वतःहून जाहीर केला.

कायदा आणि दीन

आपल्या सरकारनेही १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असेच हिशोबाचे सॉफ्टवेअर बंधनकारक केले आहे, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहील आणि ती बंद करता येणार नाही. एकट्या मालकीच्या वा साध्या भागीदारीच्या दुकानाला हा नियम लागू नाही. पण आपल्यावर त्याआधीच मोठी जबाबदारी आहे. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणे-घेणे लिहून ठेवण्याचा, कातिबाने न्यायाने लिहिण्याचा आणि दोन साक्षीदार ठेवण्याचा हुकूम आहे. कुरआनातील ही सर्वांत लांब आयत व्यवहाराच्या लिखापढीविषयी आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुकानात काय करावे?

एक भाऊ अमरावतीत आणि दुसरा अकोल्यात बसत असेल व वही एकच असेल, तर पुढील गोष्टी आजच ठरवाव्यात.

१. मुनीम, मुलगा, भाचा प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा असावा. सर्वांचा एकच पासवर्ड म्हणजे कोणाचीच सही नाही.

२. दर आणि खात्यांची नावे बदलण्याचा अधिकार एकालाच द्यावा. दुसऱ्याने ते त्याच दिवशी तपासावे.

३. मोठ्या बदलाआधी नक्कल घ्यावी, आणि ती उघडते की नाही हे पाहावे.

४. दिलेले बिल पुसू नये. जादा आकारणी झाली किंवा माल परत आला तर क्रेडिट नोट काढावी.

५. सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करावी.

ज्यांची मुले बीसीए, एमसीए करीत आहेत त्यांनी ‘गिट’ आणि ‘फ्लायवे’ शिकण्याची ताकीद त्यांना द्यावी. मूळ आवृत्त्या विनामूल्य मिळतात. घरचा मुलगा हे शिकला तर पहिला उपयोग वडिलांच्या दुकानात होईल. भागीदाराचा हिस्सा ही अमानत आहे, आणि तिचा आकडा कोणीही गुपचूप बदलू शकणार नाही अशी वही ठेवणे आपल्या हातात आहे.