विश्लेषण : स्वतःची गाणी गाणारा बँड किती वर्षे टिकतो? ‘रॉक मशीन’ ते ‘इंडस क्रीड’ प्रवास काय सांगतो?

नाशिकमध्ये गंगापूर धरणालगतच्या द्राक्षमळ्यात २००८ मध्ये ‘सुलाफेस्ट’ सुरू झाला आणि देशाच्या संगीत महोत्सवांच्या नकाशावर या शहराचे नाव आले. ढोल-ताशाच्या ‘नाशिक ढोल’ या ओळखीला गिटार आणि ड्रम्सची जोड मिळाली. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात वाजवणाऱ्या मुलांपुढे मात्र एक जुनाच प्रश्न उभा असतो. लोकांना माहीत असलेली गाणी वाजवायची, की स्वतःची? मुंबईच्या एका बँडने चाळीस वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर दिले होते. त्याची किंमतही मोजली होती.

‘रॉक मशीन’ची सुरुवात कशी झाली?

१९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ सुरू झाला. गिटारवादक महेश तिनईकर, बास वाजवणारे मार्क सेल्विन ही सुरुवातीच्या काळातली नावे. पुढे गायक उदय बेनेगल हे बँडचा चेहरा बनले. झुबिन बालापोरिया कीबोर्डवर होते. त्या काळात भारतात रॉक बँड म्हणजे परदेशी गाणी हुबेहूब वाजवणारा संच, असेच समीकरण होते. अशा वादनाला ‘कव्हर’ म्हणतात. श्रोत्यांनाही तेच हवे असे. परदेशी कॅसेट मिळणे कठीण, परदेशी बँड इथे येणे त्याहून कठीण. त्यामुळे ती गाणी समोर वाजताना ऐकणे हेच मोठे आकर्षण होते. चांगली गिटार, ॲम्प्लिफायर मिळवणे हीदेखील एक मोहीमच असे.

वेगळेपण कशात होते?

या बँडने स्वतःची गाणी लिहिली आणि मंचावर आग्रहाने वाजवली. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम आला, १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’. भारतीय बँडने रचलेली इंग्रजी रॉक गाणी कॅसेटच्या दुकानात मिळू लागणे ही तेव्हा नवी गोष्ट होती. १९८६ मध्ये मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव सुरू झाला होता. धोबी तलावजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह अशा कार्यक्रमांचे हक्काचे ठिकाण होते. तिकीट परवडणारे आणि श्रोते बहुतांशी महाविद्यालयीन. या गर्दीने बँडला बळ दिले.

नाव का बदलले?

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या घरात आल्या. स्टार टीव्हीवर ‘एमटीव्ही’ दिसू लागले आणि व्हिडीओमुळे बँडचा चेहरा देशभर पोहोचला. ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या व्हिडीओला एमटीव्हीचा आशियाई पुरस्कार मिळाला. पण पाश्चात्त्य हार्ड रॉकची छाप पुसून स्वतःची ओळख शोधायची होती. १९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नवे नाव घेतले. ‘इंडस’ म्हणजे सिंधू. नऊ वर्षे कमावलेले नाव सोडणे हा धोका होता. नव्या नावाचा अल्बम १९९५ मध्ये आला.

मग बँड थांबला का?

१९९७ मध्ये ‘इंडस क्रीड’ विसर्जित झाला. तोवर बाजार बदलला होता. संगीत वाहिन्यांनी हिंदी पॉप आणि चित्रपटगीतांकडे मोर्चा वळवला होता. इंग्रजी रॉकचा श्रोता निष्ठावान होता, पण संख्येने थोडा. बेनेगल न्यूयॉर्कला गेले आणि तिथे जयेश गांधी यांच्यासह ‘आम्स फॉर शांती’ हा प्रकल्प उभा केला. २०१० मध्ये बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बासवर रुशद मिस्त्री, ड्रम्सवर जय रो कवी हे नव्या पिढीचे वादक आले आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम निघाला. आधीच्या अल्बमनंतर तब्बल सतरा वर्षांनी.

अमेरिकेतील बँड अधिक काळ कसे टिकतात?

जॉर्जिया राज्यातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावातला ‘आर.ई.एम.’ हा बँड याचे उत्तम उदाहरण. १९८० मध्ये चार तरुणांनी तो सुरू केला. पहिले गाणे १९८१ मध्ये अटलांटाच्या एका लहानशा कंपनीने काढले. पहिला पूर्ण अल्बम १९८३ मध्ये आला, पण ‘लूजिंग माय रिलिजन’ने जगभर नाव व्हायला १९९१ उजाडले. सुरुवातीची वर्षे त्यांनी गावोगावच्या क्लबांत वाजवत काढली. विद्यार्थी चालवत असलेली महाविद्यालयीन रेडिओ केंद्रे त्यांची गाणी लावत. लहान गाव, लहान क्लब, स्थानिक रेडिओ, छोटी रेकॉर्ड कंपनी अशी पायऱ्यांची शिडी त्यांच्यासमोर होती. दुसरी गोष्ट म्हणजे गाण्यांचे श्रेय बँडमधल्या सर्वांच्या नावे. त्यामुळे पैशांवरून फूट पडण्याचे मोठे कारणच उरले नाही. २०११ मध्ये, ३१ वर्षांनी, बँड थांबला.

‘रॉक मशीन’कडे गुणवत्ता होती, शिडीच्या मधल्या पायऱ्या नव्हत्या. महाविद्यालयाच्या मंचावरून थेट टीव्हीवर उडी घ्यायची, आणि टीव्हीने पाठ फिरवली की खाली परतायला जागा नाही, अशी ती स्थिती होती.

जागेचा प्रश्न किती गंभीर?

रंगभवनाचेच पाहा. परिसरात रुग्णालये आणि शिक्षणसंस्था असल्याने तो शांतता क्षेत्रात आला आणि ध्वनिवर्धकांचे कार्यक्रम तिथे बंद झाले. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरवता येते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सणांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, पण वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. गणेशोत्सवात ढोल पथकांना हाच नियम लागतो. रुग्णाची झोप महत्त्वाची आहेच. म्हणूनच आवाज बाहेर न जाणारी लहान बंदिस्त सभागृहे हवीत. नाशिकसारख्या शहरात दोनशे-तीनशे श्रोत्यांची अशी जागा परवडणाऱ्या भाड्यात मिळाली, तर बँडला दर महिन्याला वाजवता येईल. वर्षातून एकदा भरणारा महोत्सव ही गरज भागवू शकत नाही.

आजच्या बँडसाठी काय बदलले?

दोन गोष्टी बदलल्या. पहिली, गाणे प्रसिद्ध करायला आता कॅसेट कंपनी लागत नाही. नाशिकच्या खोलीत ध्वनिमुद्रित केलेले गाणे त्याच दिवशी जगभर ऐकता येते. दुसरी, २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा सुरक्षित केला. तो हक्क करारात कंपनीला लिहून देता येत नाही. मात्र त्यासाठी गाणे स्वतःचे असावे लागते आणि कोणाचा वाटा किती, हे आधीच कागदावर ठरलेले असावे लागते. कव्हर वाजवणाऱ्या बँडला त्या रात्रीचे मानधन मिळते, मूळ गाण्यातून मात्र नंतरही वर्षानुवर्षे उत्पन्न येऊ शकते.

अर्थात, गाणे उपलब्ध असणे आणि ऐकले जाणे यांत अंतर आहे. ते अंतर आजही समोर बसलेला श्रोताच कमी करतो. ‘रॉक मशीन’ने अनोळखी गाणी वाजवायची हिंमत केली, तशी ती ऐकून घेणारी गर्दीही त्यांना लाभली. नाशिकच्या मुलांपुढच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांच्या हाती आहे, उरलेले निम्मे शहराच्या.