पांढऱ्या पाठीचे गिधाड

पांढऱ्या पाठीचे गिधाड (शास्त्रीय नाव: जिप्स बेंगालेन्सिस) हा दक्षिण व आग्नेय आशियात आढळणारा मृतभक्षक पक्षी आहे. एकेकाळी भारतात विपुल असलेली ही प्रजाती आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदलेली आहे.

वर्णन व प्रजनन

प्रौढ पक्षी काळपट रंगाचा असून त्याच्या पाठीचा खालचा भाग पांढरा असतो. मानेच्या बुडाशी पांढऱ्या पिसांची झालर असते. पंखांचा विस्तार सुमारे दोन मीटर भरतो. ही गिधाडे उंच झाडांवर वसाहतीने घरटी करतात. मादी विणीच्या हंगामात एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम होण्यास साधारण पाच वर्षे लागतात. त्यामुळे घटलेली संख्या भरून येण्यास दीर्घ काळ लागतो.

भ्रमण

हे गिधाड वासावरून नव्हे, तर नजरेने अन्न शोधते. ऊन तापल्यावर वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या प्रवाहांवर ते पंख फारसे न हलवता तरंगते. घिरट्या घालणारी गिधाडे एकमेकांवरही लक्ष ठेवतात. एखादे गिधाड खाली उतरताच दूरवरची गिधाडे त्यामागोमाग येतात आणि एका मृत जनावराभोवती मोठा थवा जमतो. एका पक्ष्याचे भ्रमणक्षेत्र हजारो चौरस किलोमीटरांचे असू शकते.

ऱ्हास

भारतात १९९२ ते २००७ या काळात या प्रजातीची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध या ऱ्हासाचे मुख्य कारण असल्याचे २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून सिद्ध झाले. औषधाचा अंश असलेले मांस खाल्ल्यास गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते व यूरिक आम्ल अंतर्गत अवयवांवर साचते. एका मृत जनावरावर अनेक गिधाडे जमत असल्याने शंभरांत एकाहून कमी जनावरे विषारी असली, तरी एवढी घट होण्यास ती पुरेशी ठरतात.

संवर्धन

भारत सरकारने पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवर २००६ साली, तर कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांच्या अशाच वापरावर २०२३ साली बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. पाकिस्तानातील एका वसाहतीजवळ औषधमुक्त मांस पुरवल्यावर मृत्यू कमी झाले, परंतु थांबले नाहीत. कारण पक्षी अन्यत्रही चरत राहिले.

हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन केंद्र आहे. तेथील १० गिधाडे २०२४ साली महाराष्ट्रातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात आणण्यात आली. उपग्रह-टॅग लावून सोडलेल्या या पक्ष्यांपैकी एक तमिळनाडूपर्यंत पोचले.

ताडोबा प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे १,७०० चौरस किलोमीटर आहे. 'गिधाड सुरक्षित क्षेत्र' मात्र वसाहतीभोवती १०० किलोमीटर त्रिज्येचे, म्हणजे सुमारे ३१,४०० चौरस किलोमीटरांचे, धरले जाते. या परिघात अभयारण्यापेक्षा गावे, गोठे व औषधांची दुकाने अधिक येतात. म्हणून या पक्ष्याचे रक्षण वनविभागाइतकेच पशुपालक, पशुवैद्य आणि औषधविक्रेते यांच्यावर अवलंबून आहे.