अणुवैद्यकातील चित्रे व त्यांची परिभाषा

क्ष-किरणांच्या चित्रात अवयवाची रचना दिसते. अणुवैद्यकीय चित्रात मुख्यतः त्याचे कार्य दिसते. येथे किरण बाहेरून शरीरात सोडीत नाहीत. अत्यल्प किरणोत्सारी द्रव्य बहुधा शिरेवाटे देतात. ते विशिष्ट अवयवात साठते व त्यातून निघणारे गॅमा किरण कॅमेरा टिपतो.

या कामी सर्वाधिक उपयोगात येणारे द्रव्य म्हणजे टेक्नेशियम-९९एम होय. त्याचा अर्धायुकाल ६ तासांचा आहे. निरनिराळ्या संयुगांशी जोडले असता ते अस्थी, मूत्रपिंडे किंवा हृदयाचे स्नायू यांकडे जाते. अस्थिचित्रणाने कर्करोगाचा हाडांतील प्रसार, मूत्रपिंडचित्रणाने प्रत्येक मूत्रपिंडाची कार्यशक्ती आणि हृदयचित्रणाने श्रमसमयी अपुरा पडणारा रक्तपुरवठा कळून येतो. पेट-स्कॅनमध्ये फ्लुओरीन-१८ युक्त शर्करासदृश द्रव्य योजतात. अनेक प्रकारच्या कर्करोगपेशी ते अधिक शोषून घेतात.

परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली स्थापन झाले. भारतातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन तेथेच २००२ साली कार्यान्वित झाला. फ्लुओरीन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटांचा आहे. चाकणच्या कारखान्यात सुटा भाग उशिरा पोहोचला तरी तो अखंड असतो. हे द्रव्य मुंबईहून पिंपरीस आणताना ११० मिनिटे गेली, तर त्याची निम्मीच किरणोत्सारिता उरते.

या चित्रांची परिभाषा मात्र सामान्य वाचकास चकविणारी आहे. मराठी बोलण्यात अंगात उष्णता वाढणे हे विकाराचे लक्षण समजतात. थायरॉइडचित्रणातील ‘उष्ण’ गाठ म्हणजे केवळ द्रव्य अधिक शोषणारी गाठ. ती क्वचितच कर्करोगाची असते. ‘शीत’ गाठीची पुढील तपासणी अधिक अगत्याची, जरी अशा बहुतेक गाठीही निरुपद्रवीच ठरतात. उलटपक्षी, अस्थिचित्रातील ‘उष्ण’ स्थान कर्करोगाच्या प्रसाराचे असू शकते, तसेच सांधेदुखीचे किंवा भरून येत असलेल्या अस्थिभंगाचेही असू शकते. यंत्रावर काम करताना हात मोडलेल्या कामगाराच्या अहवालात हाच शब्द आला, तर त्याने तो कोणत्या अर्थाने घ्यावा?

तात्पर्य, ‘उष्ण’ हे येथे रोगाचे नाव नसून शोषणाच्या प्रमाणाचे विशेषण आहे. अवयव, पूर्ववृत्त व इतर तपासण्या यांच्या संदर्भावाचून त्याचा अर्थ निश्चित होत नाही. मराठीत अहवाल लिहिणाऱ्याने ‘अधिक शोषण’ व ‘अल्प शोषण’ असे शब्द योजल्यास रुग्णाची निष्कारण भीती आणि तितकीच घातक निश्चिंती, दोन्ही टळतील.