इटलीत रेल्वेने : दोघा मित्रांच्या सहलीची आखणी

परदेश पाहावयाचा म्हणजे प्रवासी कंपनीकडे पैसे भरावयाचे, तिच्या बसमध्ये बसावयाचे आणि ती नेईल तेथे उतरून छायाचित्रे काढावयाची, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज आहे. वयस्क मंडळींना ते सोयीचे आहे, हे आम्हीही मान्य करतो. परंतु ज्यांचे पाय धड आहेत आणि खिसा बेताचा आहे, अशा तरुणांना इटलीसारखा देश रेल्वेने, स्वतः आखणी करून, पुष्कळच कमी खर्चात पाहता येतो. जर्मनीत शिकणारे आमचे एक मित्र आणि मुंबईहून निघणारे आम्ही, अशा दोघांच्या सहलीची आखणी करताना जो अभ्यास झाला, तो सभासद बंधू-भगिनींच्या व विशेषतः विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे मांडत आहोत.

इटलीचा नकाशा समोर ठेवला की एक गोष्ट ध्यानात येते. देश लांबट आहे आणि प्रेक्षणीय शहरे जवळजवळ एका माळेत ओवल्यासारखी आहेत. मिलान, बोलोन्या, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स ही मुख्य माळ, आणि बोलोन्याहून ईशान्येस व्हेनिसचा फाटा. या माळेवरून ताशी ३०० किलोमीटरपर्यंत वेगाने गाड्या धावतात. मिलानहून रोम सुमारे तीन तासांत, रोमहून फ्लॉरेन्स दीड तासात, फ्लॉरेन्सहून व्हेनिस सव्वादोन तासांत, रोमहून नेपल्स सव्वा तासात. हे आकडे वाचून नवखा माणूस हुरळतो आणि दहा दिवसांत आठ शहरे मांडतो. तेथेच आखणी बिघडते. गाडीचा वेळ दीड तास असला, तरी सामान बांधणे, खोली सोडणे, स्थानक गाठणे, नवी खोली शोधणे यांत अर्धा दिवस जातो. म्हणून शहरे किती हे मोजण्याआधी बिऱ्हाड किती वेळा हलवावे लागणार, हे मोजावे.

आमच्या कागदावर शेवटी उरले ते असे : मिलान एक रात्र, व्हेनिस दोन, फ्लॉरेन्स तीन, रोम दोन, नेपल्स दोन आणि परत रोम दोन. एकूण बारा रात्री. विमान जाताना मिलानला उतरणारे आणि परतताना रोमहून निघणारे घ्यावयाचे. एकाच शहरात उतरून तेथूनच परतावयाचे ठरविले, तर एक संपूर्ण दिवस आणि एक लांबचे तिकीट केवळ मागे येण्यात खर्ची पडते. जर्मनीतील मित्राला मिलानला येण्याचे कारणच नव्हते. म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून आल्प्स ओलांडून वेरोनाकडे गाडी येते. तो व्हेनिसलाच भेटणार. शेवटच्या दोन रात्री रोममध्ये ठेवण्याचे कारण पुढे येईलच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तिकीट केव्हा काढावयाचे? या एका प्रश्नावर सहलीचा अर्धा खर्च अवलंबून आहे, आणि त्याचे उत्तर गाडीच्या प्रकाराप्रमाणे बदलते. इटलीत उतारूच्या दृष्टीने गाड्या दोन जातींच्या मानाव्यात. पहिली जात वेगवान गाड्यांची. सरकारी मालकीच्या त्रेनितालिया कंपनीची फ्रेच्चारोस्सा, म्हणजे ‘लाल बाण’, आणि २०१२ पासून तिच्याशी स्पर्धा करणारी खासगी इतालो. यांत आरक्षण सक्तीचे आहे आणि भाडे विमानाच्या तिकिटासारखे चढते-उतरते. दोन-तीन महिने आधी घेतले तर स्वस्त, गाडी सुटण्याच्या दिवशी घेतले तर दुप्पट-तिप्पटही. शिवाय सर्वात स्वस्त तिकीट सहसा बदलता येत नाही व त्याचे पैसे परत मिळत नाहीत. दुसरी जात प्रादेशिक गाड्यांची, तिकडे त्यांना ‘रेजोनाले’ म्हणतात. यांचे भाडे अंतरावर ठरते. सहा महिने आधी घ्या की पाच मिनिटे आधी, दर तोच. आसन क्रमांक नाही, जागा मिळेल तेथे बसावयाचे. आपल्या पॅसेंजर गाडीची सवय असलेल्यास त्यात काहीच नवल वाटणार नाही. या दोहोंच्या मध्ये इंटरसिटी नावाच्या आरक्षित गाड्या आहेत; त्या वेगाने मध्यम व बहुधा काहीशा स्वस्त.

उदाहरण घेऊ. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तास, तर प्रादेशिक गाडीने साडेतीन-चार तास. तिकीट महाग झाले असेल आणि दिवस मोकळा असेल, तर प्रादेशिक गाडीची वाट धरण्यात कमीपणा नाही. उलट टेकड्यांवरची जुनी गावे पाहावयास मिळतात. वेगवान मार्गावर पाहण्यासारखे थोडेच असते. बोलोन्या ते फ्लॉरेन्स हा २००९ साली सुरू झालेला वेगवान मार्ग सुमारे ७८ किलोमीटरचा, त्यातले ७३ किलोमीटर बोगद्यांत!

वेगवान तिकीट लवकर घ्यावे हे खरे, पण भारतीय पारपत्रधारकाला येथे एक अडचण आहे, जी युरोपीय किंवा अमेरिकन लेखकांच्या प्रवासी पुस्तकांत सहसा सापडत नाही. आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयास सर्वसाधारणपणे १५ दिवस आणि काही प्रकरणी ४५ दिवसांपर्यंत लागतात. उन्हाळी सुटीच्या सुमारास अर्जाची तारीख मिळणेही कठीण होते. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तर ते परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा, जाण्या-येण्याचे आरक्षण आणि राहण्याची सोय दाखवावी लागते. अनेक देश पाहावयाचे असल्यास जेथे मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करावयाचा. म्हणजे एकीकडे तिकीट म्हणते मला आजच घे, आणि दुसरीकडे व्हिसा म्हणतो थांब. ज्याने शिष्यवृत्तीतून किंवा पगारातून पैसे बाजूला टाकले आहेत, त्याने परत न मिळणाऱ्या तिकिटात ते आधी अडकवणे आम्हांस मुळीच पसंत नाही.

यावर आमचा तोडगा क्रमाचा आहे. आधी तारखा व शहरे पक्की करावीत. मग रद्द करता येणारी वसतिगृहे किंवा खोल्या राखून ठेवाव्यात. वेगवान गाड्यांचे वेळापत्रक व दर पाहून वहीत नोंदवावेत, पण तिकीट घेऊ नये. व्हिसाचा अर्ज शक्य तितका लवकर द्यावा. पारपत्र हाती पडले की त्याच संध्याकाळी वेगवान गाड्यांची तिकिटे आणि संग्रहालयांच्या वेळा घ्याव्यात. प्रादेशिक गाड्यांची तिकिटे त्या-त्या दिवशी. व्हिसा उशिरा मिळाला आणि भाडे चढले, तर भल्या पहाटेची किंवा दुपारची गाडी, आठवड्याच्या मधला वार, अथवा इंटरसिटी पाहावी. युरोपात गाड्यांचे वेळापत्रक डिसेंबरच्या व जूनच्या मध्यास बदलते. त्यानंतरच्या तारखांची तिकिटे कधी कधी उशिरा खुली होतात. संकेतस्थळावर गाडी दिसली नाही म्हणून ती बंद झाली असे समजू नये.

जर्मनीचा निवास परवाना असलेल्या विद्यार्थ्याला इटलीत फिरण्यास वेगळा व्हिसा लागत नाही. १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत तो दुसऱ्या शेंगेन देशांत राहू शकतो. पासाची गोष्टही दोघांची वेगळी. भारतात राहणाऱ्यास युरेल पास, तर युरोपात राहणाऱ्यास, तो भारतीय नागरिक असला तरी, इंटररेल. मात्र एकट्या इटलीसाठी पास घेण्याआधी हिशेब करावा, कारण पास असूनही फ्रेच्चारोस्सात आरक्षणाचे पैसे दरवेळी निराळे द्यावे लागतात. चार-पाच प्रवासांसाठी सुटी तिकिटे बहुधा स्वस्त पडतात.

स्थानकावरील काही गोष्टी आधी ठाऊक असल्या तर धावपळ वाचते. फलकावर शहरांची नावे इटालियन असतात. फ्लॉरेन्स म्हणजे फिरेंझे, व्हेनिस म्हणजे व्हेनेझिया, नेपल्स म्हणजे नापोली. फलकावर गाडीचे शेवटचे स्थानक लिहितात, आपले नव्हे. रोमहून फ्लॉरेन्सला जाणारा माणूस ‘फिरेंझे’ शोधत बसतो आणि गाडी मात्र ‘मिलानो’ किंवा ‘व्हेनेझिया’ या नावाने उभी असते. म्हणून तिकिटावरील गाडी क्रमांक जुळवावा. फलाटाला ‘बिनारियो’ म्हणतात आणि मोठ्या स्थानकांत तो क्रमांक गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी लागतो. ‘रितार्दो’ दिसले की गाडीस उशीर. व्हेनिसला दोन स्थानके आहेत : मेस्त्रे हे मुख्य भूमीवर, आणि सांता लुचिया हे खाडीवरचा पूल ओलांडल्यावर, थेट मुख्य कालव्याच्या काठी. हा रेल्वेपूल १८४६ चा. मेस्त्रेत खोली स्वस्त मिळते आणि गाडीने दहा मिनिटांत बेटावर जाता येते. तेथील पुलांच्या पायऱ्या चढताना चाकांची जड पेटी उचलूनच न्यावी लागते, सबब सामान प्रत्येकी एकच आणि पाठीवर मावेल एवढे. व्हेनिसमध्ये मुक्काम न करता केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून २०२४ पासून ठरावीक दिवशी प्रवेश शुल्क घेतले जाऊ लागले आहे. मेस्त्रे हे व्हेनिस पालिकेच्याच हद्दीत असल्याने तेथे मुक्काम करणाऱ्यास ते पडत नाही.

कागदी प्रादेशिक तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात शिक्का उमटवावाच लागतो. तिकीट खरे असूनही शिक्का नसेल तर तपासनीस दंड करतो, आणि “आम्ही परदेशी आहोत” ही सबब ऐकली जाईलच असे नाही. शिक्का मारल्यापासून तिकीट चार तास चालते.

संपाचाही विचार करावा. इटलीत रेल्वेचे संप नवीन नाहीत, पण ते आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालविण्याचे बंधन आहे. कामगारांचा हक्क आणि उतारूंची गरज यांचा हा मेळ आम्हांस मोठा समंजस वाटला. परतीचे विमान मात्र संपासाठी थांबत नाही. रोममध्ये शेवटच्या दोन रात्री ठेवल्या त्या याचसाठी. नेपल्सहून थेट विमानतळ गाठण्याचे धाडस करू नये.

दोघांचा प्रवास म्हटला की गाड्यांपेक्षा माणसे जुळविणे अवघड. निघण्यापूर्वीच प्रत्येकाने प्रत्येक शहरातील एकच गोष्ट लिहून द्यावी, जी पाहिल्याशिवाय तो परतणार नाही. तेवढ्यापुरते दुसऱ्याने सोबत यावे. बाकीचा वेळ वेगळे फिरण्यास हरकत नाही. मित्राला फ्लॉरेन्सचे उफ्फिझी संग्रहालय हवे, ते सोमवारी बंद. आम्हांस मिलानमधील लिओनार्दोचे ‘अंतिम भोजन’ हवे, तेही सोमवारी बंद. शिवाय आधी वेळ राखून ठेवल्याविना प्रवेश नाही आणि आत मिळतात पंधरा मिनिटे. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बहुधा बंद. असे वार मांडले की शहरांचा क्रम पुष्कळसा आपोआप ठरतो. पैशाची एकच वही ठेवावी व रोज रात्री हिशेब लिहावा. एकाची मिळकत पगाराची आणि दुसऱ्याची शिष्यवृत्तीची असेल, तर खोलीचा दर कमी मिळकत असणाऱ्याने ठरवावा, हे आमचे स्पष्ट मत. तिकिटांच्या प्रती दोघांच्याही फोनमध्ये असाव्यात, आणि चुकामूक झाल्यास कोणत्या स्थानकाच्या कोणत्या दाराशी थांबावयाचे हे आधी बोलून ठेवावे.

मधल्या गाडी बदलीतही पाहण्यासारखे असते. बोलोन्या स्थानकावर २ ऑगस्ट १९८० रोजी बॉम्बस्फोट झाला, त्यात ८५ माणसे मृत्युमुखी पडली. स्थानकाचे एक घड्याळ त्या क्षणी, दहा वाजून पंचवीस मिनिटांवर, थांबविलेले आहे. गाडीला अर्धा तास असेल तर फलाटावरील खाद्यगृहापेक्षा ते आधी पाहावे.

नेपल्स पुष्कळ जण वगळतात, गर्दीचे आणि गैरशिस्त शहर म्हणून. आमच्या मते महाराष्ट्रातील माणसाने ते वगळू नये. इटलीची पहिली रेल्वे याच शहरातून ३ ऑक्टोबर १८३९ रोजी पोर्तिचीपर्यंत, सुमारे साडेसात किलोमीटर, धावली. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ची. त्या पहिल्या मार्गालगत पिएत्रार्सा येथे जुन्या कारखान्यात रेल्वे संग्रहालय आहे. दुसरे कारण त्याहून मोठे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिला लक्ष्मी म्हणण्याचा प्रघात पडला असला, तरी ती यक्षी असावी असे अनेक अभ्यासक मानतात. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळाल्या आहेत. म्हणजे मराठवाड्याचा आणि या किनाऱ्याचा व्यापारी संबंध जवळजवळ दोन हजार वर्षांचा. ती मूर्ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ते मंगळवारी बंद असते, म्हणून नेपल्सच्या दोन रात्रींच्या मध्ये मंगळवार येऊ देऊ नये. पॉम्पेईला नेपल्सहून चिर्कुमव्हेझुव्हियाना ही स्थानिक गाडी जाते. तिला गर्दी आपल्या लोकलसारखीच, तेव्हा पाकीट पुढच्या खिशात ठेवावे आणि ‘पॉम्पेई स्कावी’ या स्थानकावर उतरावे. उत्खननाचे दार तेथून चालत एक-दोन मिनिटांवर आहे.