जंगलाच्या नोकरीत माणसंच फार

चार तासांत २५ किलोमीटर. वनरक्षकाच्या भरतीत पुरुष उमेदवारांना एवढं चालून दाखवावं लागतं. महिलांसाठी अंतर कमी, वेळ तेवढीच. हिशेब केला तर ताशी सव्वासहा किलोमीटर पडतात. जाहिरात आली की विदर्भातल्या कितीतरी गावांबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पहाटे याच चालीनं पोरं-पोरी निघतात. गंमत अशी, की नोकरी लागल्यावर कुणी या वेगानं गस्त घातली, तर त्याला ना ताजी विष्ठा दिसेल, ना झुडपात लावलेला तारेचा फास.

राज्यात या खाकीत शिरायला दोन दारं आहेत. पहिलं वनरक्षकाचं. ही भरती वन विभाग स्वतः करतो. बारावी पास हवं, त्यातही विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एखादा विषय घेतलेला असावा. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावी पुरते. उंची पुरुषांना १६३ आणि महिलांना १५० सेंटिमीटर, आदिवासी उमेदवारांना त्यात सवलत. २०२३ च्या भरतीत २,१३८ जागा होत्या. संगणकावरची परीक्षा १२० गुणांची आणि धावण्याचे ८० गुण. मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होतं.

दुसरं दार एमपीएससीचं. ज्याला आपण रेंजर किंवा आरएफओ म्हणतो, तो वनसेवेच्या परीक्षेतून येतो; त्याच्या वरचा सहायक वनसंरक्षकही त्याच परीक्षेतून. पूर्व, मुख्य, मुलाखत, आणि चालणं इथंही चुकत नाही. पदवीला मात्र विषयाची अट आहे. विज्ञान, अभियांत्रिकी, कृषी, वानिकी, पशुवैद्यक अशा शाखा चालतात, सरसकट कुठलीही पदवी चालत नाही. क्लासवाले फी घेण्याआधी हे सांगतीलच असं नाही, तेव्हा जाहिरात स्वतः वाचलेली बरी.

वनरक्षकाकडे एक बीट, काही बीट मिळून वनपालाचा राउंड, आणि असे राउंड मिळून रेंजरची रेंज. बढती मिळत मिळत वनरक्षकही रेंजर होतो, पण तोवर केस पांढरे होतात. प्रशिक्षणासाठी वनरक्षकांना चिखलदरा, पाल, शहापूर इथल्या शाळा आहेत, तर अधिकाऱ्यांसाठी कुंडल आणि चंद्रपूरच्या अकादमी. झाडं ओळखणं, सर्व्हे, कायदा, बंदूक, सगळं तिथं शिकवतात. उरलेलं जंगल शिकवतो तो वनमजूर. मेळघाटात तो बहुधा कोरकू असतो, ताडोब्याकडे गोंड, आणि नव्या साहेबानं त्याच्या मागून मुकाट चालावं यात दोघांचंही भलं असतं.

‘मला प्राणी आवडतात, माणसांची कटकट नको’ म्हणून या नोकरीकडे वळणारे पुष्कळ. त्यांची पहिल्याच महिन्यात पंचाईत होते. समजा, सकाळी सहाला सरपंचाचा फोन येतो की नाल्याकाठी गाय मारलीय. वनरक्षक पोचेपर्यंत निम्मं गाव तिथं जमलेलं असतं आणि पाऊलखुणा चपलांखाली गेलेल्या असतात. तरी शोधायचं. मानेवरची सुळ्यांची भोकं, ओढत नेल्याचा फरफाटा, खायला कुठून सुरुवात केली तेही. मागच्या बाजूनं खाल्लं असेल तर संशय वाघावर जातो, पोट फाडलं असेल तर बिबट्यावर. फोटो, मोजमाप, पंचांच्या सह्या, पशुवैद्यकाचा दाखला. गायवाला शेजारी उभा राहून एकच प्रश्न विचारत असतो, ‘साहेब, पैसे कधी?’ नुकसानभरपाईच्या या फायलीवर गावाचा वन विभागावरचा विश्वास ठरतो. भरपाई वेळेत मिळाली नाही, तर पुढच्या मेलेल्या जनावरावर विष टाकणारा हात याच गावातला असू शकतो. भरतीच्या कुठल्याच फेरीत पंचनामा लिहून घेत नाहीत, हे मला तरी चुकीचं वाटतं.

आगीचंही तसंच. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. त्याआधी जाळरेषा साफ करून घ्यायच्या, मजूर नेमायचे, ब्लोअर दुरुस्त करायचे. मार्चमध्ये मोहफुलं पडू लागली, की ती सहज वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि वाऱ्यावर आग पसरते. उपग्रहावरून आगीचा मेसेज मोबाइलवर येतो खरा, पण तोवर आग लागलेलीच असते. शहाणा रेंजर फेब्रुवारीतच पाड्यावर जाऊन बसतो, पाला जाळू नका, झाडून घ्या म्हणतो. गुन्हा नोंदवायचा अधिकार त्याला आहे. तो रोज वापरला तर आग लागल्याचं कळवायलाही कुणी येणार नाही.

जुन्नरकडे निराळीच तऱ्हा. तिथं बिबटे उसात राहतात. विहिरीत पडलेला बिबट्या काढायला शिडी किंवा खाट, पिंजरा आणि जाळी लागते. त्याहून जास्त लागतो तो मोबाइल उंचावून काठावर रेटणाऱ्या हजारभर लोकांना मागे सारणारा आवाज.

धोका आहेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्याच्या कोअर क्षेत्रात व्याघ्रगणनेपूर्वी खुणा शोधत पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. सोबत वनमजूर होते. अशा कामाला हातात बहुतेकदा काठीच असते. त्यात दुर्गम ठिकाणचं क्वार्टर, पावसाळ्यात तुटणारा रस्ता, मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला थाटलेलं दुसरं बिऱ्हाड. सुटीचं म्हणाल तर दिवाळीत जंगल बंद नसतं.

एवढं वाचूनही जायचंच असेल, तर फॉर्म भरण्याआधी बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून या. वन विभाग त्या रात्री ‘निसर्गानुभव’ भरवतो, नावनोंदणी आधी करावी लागते. पाणवठ्यावर वाघ येवो न येवो, सोबतच्या वनरक्षकाला बोलतं करा. पहिली नेमणूक कुठं झाली, सुटी शेवटची कधी मिळाली, रात्री-बेरात्री फोन कुणाकुणाचे येतात, तेवढं विचारा.